कुलूप नेमकं उघडतं कुठे?



मागच्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला ऑफिसात लोड बॅलन्सरवर एसएसएल प्रोफाइल तयार करायचं काम मिळालंय. म्हणाली, "मामा, यात क्लायंट प्रोफाइल वेगळं आणि सर्व्हर प्रोफाइल वेगळं. कुलूप एकच ना, मग दोन कशाला?" फोनवर तिला काहीबाही सांगितलं, पण खरं उत्तर जरा जुनं आहे आणि त्यात माझीही एक चूक दडलेली आहे. म्हणून हा लेखप्रपंच. आयटीवाल्यांनी चुका काढाव्यात, इतरांनी घाबरू नये!

सुरुवात १९९५ ची. नेटस्केप कंपनीला वेबवर दुकानदारी सुरू व्हायला हवी होती आणि उघड्या तारेवरून क्रेडिट कार्डाचा नंबर पाठवायला कोणी धजावत नव्हतं. म्हणून त्यांनी एसएसएल काढलं. पहिली आवृत्ती बाहेर आलीच नाही, १९९५ मध्ये आलेल्या दुसरीत भोकं सापडली आणि १९९६ साली तिसरी आली. १९९९ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने तिला थोडं सुधारून टीएलएस असं नवं नाव दिलं. पण व्हीटीचं सीएसटी झालं तरी जुने मुंबईकर व्हीटीच म्हणतात, तसं आम्ही अजून एसएसएलच म्हणतो.

आता गंमत अशी की हे कुलूप महाग होतं. पैशाने नव्हे, कष्टाने. ब्राउझर आणि सर्व्हर यांची पहिली ओळख होताना सर्व्हरला आपल्या प्रायव्हेट कीने मोठमोठ्या आकड्यांचं गणित करावं लागतं. त्या काळच्या मशीनला ते झेपत नसे. साधी पानं भराभर देणारा सर्व्हर एसएसएल चालू केलं की धापा टाकायचा.

त्याच सुमारास एका साइटमागे चार-सहा सर्व्हर ठेवून गर्दी वाटून देणारे लोड बॅलन्सर आले. सिएटलची एफफाइव्ह कंपनी १९९६ ची, तिचा बिग-आयपी १९९७ चा. पण इथे दुसरी अडचण. कुठलं गिऱ्हाईक कुठल्या सर्व्हरकडे पाठवायचं हे ठरवायला लोड बॅलन्सरला कुकी वाचावी लागते, आणि कुलूपबंद पाकिटातली कुकी वाचणार कशी? गिऱ्हाईक भलत्याच सर्व्हरवर गेलं की त्याची टोपली रिकामी!

दोन्ही दुखण्यांवर एकच औषध निघालं. कुलूप दारातच उघडायचं. सर्टिफिकेट आणि की लोड बॅलन्सरवर ठेवायची, गणित त्याच्यातल्या खास कार्डाने करायचं आणि आतल्या सर्व्हरना उघडं पत्र द्यायचं. सहा सर्व्हरवर सहा वेळा सर्टिफिकेट चढवायचा तापही वाचला. बिग-आयपीच्या जुन्या आवृत्तीत यासाठी एसएसएल प्रॉक्सी असे. २००४ मध्ये नववी आवृत्ती आली आणि तिच्यात प्रोफाइल आली. ब्राउझर ते लोड बॅलन्सर या टप्प्यासाठी क्लायंट एसएसएल आणि लोड बॅलन्सर ते सर्व्हर या टप्प्यासाठी सर्व्हर एसएसएल. म्हणजे भाचीबाई, कुलूप एक नाहीच. प्रवास दोन आहेत. पहिलं प्रोफाइल सगळेच लावायचे. दुसरं लावायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आम्ही लावलं नाही.

२००५ साली मी इथे इंग्लंडमध्ये एका पैसे पाठवणाऱ्या साइटचे लोड बॅलन्सर सांभाळत होतो. दुसरं प्रोफाइल लावलं की सर्व्हरवर भार परत येणार, मग पहिल्याने वाचवलं काय? "आतलं नेटवर्क आपलंच आहे," असं मीच मीटिंगमध्ये ठासून सांगितलं होतं. वाड्याच्या दिंडीदरवाजावर पहारा असला की आतल्या खोल्यांना कड्या कशाला, असा सगळा हिशेब.

एका रात्री साइट अडखळत होती म्हणून आतल्या बाजूची वाहतूक पकडून वाचत बसलो. ओळी सरकत होत्या आणि त्यात एक ओळखीचं नाव आलं. आपल्या मंडळातले एक काका. शेजारी त्यांचा पासवर्ड आणि सातारच्या आईला पाठवलेली रक्कम. मागच्याच रविवारी मी त्यांच्याकडे जेवून आलो होतो. त्यांच्या ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र दिसत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त ते कुलूप माझ्या दारापर्यंतचंच होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, ते म्हणाले पुढच्या बजेटमध्ये बघू. मीही गप्प बसलो.

२०१३ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन पोस्टने स्नोडेनच्या कागदांतलं एक हाताने काढलेलं चित्र छापलं. एका बाजूला इंटरनेट, दुसऱ्या बाजूला गूगलचं आतलं जाळं, आणि मधल्या चौकटीकडे बाण करून लिहिलं होतं की एसएसएल इथे चढतं आणि उतरतं. पुढे एक हसरा चेहरा. बातमी अशी होती की अमेरिकेची एनएसए आणि इथली जीसीएचक्यू डेटा सेंटरांमधल्या खाजगी तारांवरून माहिती उचलत होत्या. कुलूप त्यांनी फोडलं नव्हतं. जिथे ते आधीच उघडलेलं होतं, तिथून ते वाचत होते. तो हसरा चेहरा मला बराच काळ खुपत राहिला.

त्यानंतर हवा बदलली. गूगल, याहू यांनी आतल्या तारांवरही कुलपं चढवली. प्रोसेसर एव्हाना इतके ताकदवान झाले होते की भाराची सबबही उरली नव्हती. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ च्या डिसेंबरपासून सर्टिफिकेटं सगळ्यांना फुकट देऊन पैशाचीही सबब संपवली. त्यांची मुदत मुळातच ९० दिवसांची. बाकीच्या सर्टिफिकेटांची मुदतही आखडत गेली: २०२० मध्ये ३९८ दिवस, आणि २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे मार्च २०२९ पासून फक्त ४७. म्हणजे डायरीत तारीख लिहून हाताने सर्टिफिकेट बदलायचे दिवस संपत आले.

भाचीला एकच सांगणं. दुसरं प्रोफाइल लाव, आणि लावून थांबू नकोस. बिग-आयपीवर मूळच्या सर्व्हर प्रोफाइलमध्ये आतल्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासणं बंदच असतं. पत्र पाकिटात जातं खरं, पण घेणारा कोण हे विचारलं जात नाही. ते चालू कर.

आणि काका, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. २००५ मध्ये मी अचानक फोन करून "पासवर्ड आजच बदला, का ते विचारू नका" म्हणालो होतो, आठवतं? कारण हे होतं. सांगायला वीस वर्षं लागली. माफी असावी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.