नाण्यावरचे नाव

मंडळी, सुरुवात आपण जरा लांबून करू. इ. स. पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरच्या विजययात्रेत उत्तर आफ्रिकेतल्या एका पराभूत राजाचा लहानगा मुलगा रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेला. त्याचे नाव जुबा. तो रोममध्येच वाढला आणि पुढे, इ. स. पू. २५ मध्ये, सम्राट ऑगस्टसने त्याला मॉरेटेनियाचे राज्य दिले. या मांडलिकाने चांदीची नाणी पाडली. एका बाजूला लॅटिनमध्ये 'रेक्स जुबा', म्हणजे राजा जुबा. दुसऱ्या बाजूला राणीचे नाव, तेही ग्रीकमध्ये. कारण ती इजिप्तच्या क्लिओपात्राची मुलगी. राजा धन्याच्या भाषेत बोलतो, राणी माहेरच्या. सत्ता कुठून आली आणि अभिमान कुठे अडकला, हे त्या एवढ्याशा चकतीवर दिसते.

आता आपल्याकडे येऊ. नहपान हा क्षत्रप होता. क्षत्रप म्हणजे सुभेदार. वर कुणी सम्राट असावा, असे ती पदवीच सुचवते. पण नाण्यांवर तो क्षत्रप म्हणवून घेत नाही, 'राजा' म्हणवून घेतो. मुखवट्याची घडण रोमन नाण्यांची आठवण देणारी. लेख ब्राह्मीत, खरोष्ठीत आणि ग्रीक अक्षरांत. गंमत अशी, की अक्षरे ग्रीक असली तरी शब्द प्राकृतच!

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सव्वातेरा हजारांच्या आसपास नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर चैत्याचे चिन्ह आणि स्वतःचे नाव. पण चांदी वितळवली नाही. त्यामुळे कित्येक नाण्यांवर जुने नाक, जुनी अक्षरे अजून डोकावतात.

मुळशीत बसून हे सांगायचे कारण आहे. इथून जवळच, मावळात, कार्ल्याचे लेणे. तिथल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात भिक्षूंना करजिक गाव दान देतो. तिथेच सातवाहनांचा हुकूमही कोरलेला आहे, मामलच्या, म्हणजे मावळच्या अमात्याला: करजक गाव भिक्षूंना द्यावे. बहुधा तेच गाव, तोच संघ. दाता तेवढा नवा. नाण्याचे झाले तेच गावाचे.

आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवले. नाव बदलले की वस्तू बदलते का, हा तिथला जुना प्रश्न. बाजारात चांदीचे वजन तेच राहिले. पण ते नाणे आता गौतमीपुत्राच्या हुकमतीत चालत होते, हा बदल खोटा कसा म्हणावा? एक मात्र खरे. दोन्ही दानांत दात्याची नोंद आहे, घेणाऱ्याची आहे. करजकात राहणाऱ्यांना कुणी विचारले होते का, त्याबद्दल दगड गप्प आहे, आणि नाणेही.