मिठाचा हिशेब

उपकार स्मरणाऱ्याला मराठीत ‘खाल्ल्या मिठाला जागणारा’ म्हणतात. शरीरात मिठाला जागण्याचे काम मूत्रपिंडांकडे आहे. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती रक्तातून गाळतात, त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक मीठ व पाणी रक्ताला परत करतात आणि जेमतेम दीड लिटर मूत्र बाहेर टाकतात. काही थोड्या कुटुंबांत मात्र हा हिशेब जन्मतःच चुकलेला असतो. त्यांच्या दुखण्याची ओळख पटण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून आल्डोस्टेरॉन हा अंतःस्राव अतिरिक्त पाझरला, की पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो, हे जेरोम कॉन यांनी १९५५ साली दाखविले. १९६२ मध्ये बेथेस्डा येथे फ्रेडरिक बार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अंतःस्राव अधिक, पोटॅशियम कमी; पण रक्तदाब मात्र चढलेला नव्हता! रक्तवाहिन्याच अंतःस्रावांना दाद देत नसाव्यात, असा तर्क बार्टर यांनी केला. तो पुढे टिकला नाही. परंतु कोडे नेमक्या शब्दांत मांडण्याचे श्रेय त्यांचेच.

१९६६ मध्ये गिटेलमन, ग्रॅहम व वेल्ट यांना अशाच काही रुग्णांत मॅग्नेशियमही घटलेले आढळले. त्या रुग्णांत दोन सख्ख्या बहिणी होत्या; म्हणजे दोष रक्ताच्या नात्यातून आलेला होता. पुढे बराच काळ ही दोन्ही दुखणी एकच समजली जात. १९९२ साली इटलीतील बेटिनेली यांनी मूत्रातील कॅल्शियमवरून ती वेगळी करून दाखविली : गिटेलमन विकारात ते कमी असते, बार्टर विकारात बहुधा कमी नसते.

अखेरचा उलगडा १९९६ साली येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन यांच्या चमूने केला. गिटेलमन विकारात बिघडलेले जनुक मूत्रनलिकेत मीठ परत शोषणारे प्रथिन घडवते. रक्तदाबावर १९५०च्या दशकाअखेरीपासून दिली जाणारी थायझाइड ही मूत्रल औषधे याच प्रथिनाला रोखतात. न घेतलेल्या औषधाचा अंमल या रुग्णांवर आयुष्यभर चालू असतो. चोरून मूत्रल औषधे घेतल्याचा संशय ज्यांच्यावर येई, त्यांच्या थकव्याला, पेटक्यांना आणि मिठाच्या ओढीला विज्ञानाने खरेपणाची साक्ष दिली.

हा विकार साधारण ४०,००० जणांत एकाला होतो व त्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. एकच जनुक सदोष असणाऱ्यांचा रक्तदाब इतरांहून कमी असतो, असे २००८ मध्ये दिसून आले. मीठ आणि रक्तदाब यांचे नाते त्यामुळे अधिक स्पष्ट झाले.

या विकाराला अजून समूळ उपाय नाही. मीठ, पोटॅशियम व मॅग्नेशियम बाहेरून पुरवीत राहावे लागते. सर्वांना मीठ कमी खाण्याचा उपदेश होत असता या मोजक्या माणसांना ते अधिक खाण्यास सांगावे लागते. मूत्रपिंडांनी राखावयाचा हिशेब त्यांना ताटातच राखावा लागतो.