मुक्या मारानंतरचे आठवडे

उसाच्या ट्रॉलीवरून पडलेले, बैलाची लाथ बसलेले, सायकलचे हँडल पोटात घुसलेले मूल औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या डॉक्टरांना नवे नाही. बरगडीखाली हँडलच्या टोकाएवढा गोल वळ असतो, बाकी अंगावर ओरखडाही नसतो. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. त्या सहसा मोडत नाहीत, पण त्यांच्यामागची पानथरी किंवा यकृत फाटू शकते. चार दिवसांत दुखणे ओसरते, पोर अंगणात खेळू लागते आणि घरचे म्हणतात, मुका मार होता, निभावले. पुढील पाने तिथून सुरू होतात.

फाटलेल्या धमनीतून आलेले रक्त कधीकधी गुठळी आणि आजूबाजूच्या पेशी यांच्यात कोंडून राहते. या कप्प्याला धमनीसारखी भिंत नसते. गुठळी विरघळू लागली की आतल्या दाबाने तो फुगतो. यालाच स्यूडोॲन्युरिझम म्हणतात. पानथरीतले असे बरेच कप्पे मुलांमध्ये आपोआप गोठून मिटतात. यकृतातला कप्पा मात्र पित्तनलिकेत फुटू शकतो. मग वरच्या पोटात कळा, कावीळ आणि काळी शी किंवा रक्ताची उलटी अशी लक्षणे दिसतात. तिन्ही एकदम दिसतीलच असे नाही. वीस किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते जेमतेम दीड लिटर. नाडी आधी धावते, रक्तदाब फार उशिरा ढासळतो. म्हणून केवळ रक्तदाब पाहून निर्धास्त होऊ नये.

पूर्वी फाटलेली पानथरी सरसकट काढून टाकत. १९५२ साली किंग आणि शूमाकर यांनी पानथरी काढलेल्या अर्भकांतील जीवघेणा जंतुसंसर्ग दाखवून दिला. १९६८ साली उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी टोरांटोतील मुलांच्या अनुभवावरून शस्त्रक्रियेविना उपचारांची बाजू मांडली. त्यातले उपाध्याय आपले भारतीय बालशल्यविशारद, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. अवयव वाचू लागले, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारीही आली.

सीमाभागात ही नजर सहज तुटते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथली मराठी घरे आजच्या कर्नाटकात आली, पण सोयरीक आणि दवाखाने आजही कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण या तिन्ही राज्यांत आहेत. पहिला सीटी स्कॅन बिदर किंवा कलबुर्गीत होतो. पुन्हा दुखू लागले की कुणी उदगीर-लातूर गाठतो, कुणी सोलापूर, कुणी हैदराबाद. जुना कागद घरीच राहतो, आणि तोही इंग्रजीत. आईला कळेल अशा मराठीत लिहिलेल्या चार ओळी, कोणत्या लक्षणांवर रात्रीसुद्धा निघायचे, ही मला उपचाराचीच बाब वाटते.

जांघेतून नळी घालून, बारीक कॉइल सोडून असा कप्पा बंद करता येतो. पण तो शोधायचा कुणात? लक्षणे नसलेल्या प्रत्येक मुलाची पुन्हा तपासणी करावी का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझे मत असे, की यकृताची खोल इजा असेल आणि घर लांब असेल, तर सुट्टी देण्यापूर्वी एकदा डॉपलर सोनोग्राफी करावी. ती स्वच्छ आली तरी लक्षणांचा कागद द्यावाच. तरुण डॉक्टरांनी हे मत तपासावे, खोडावेसे वाटले तर जरूर खोडावे. या विषयात अजून पुष्कळ काम बाकी आहे आणि त्यासाठी लागणारी मुले रोज आपल्याच ओपीडीत येतात.