गारगोटीचे पीठ

मातीचे भांडे पांढरेशुभ्र दिसावे म्हणून इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्याच्या कुंभारांनी अठराव्या शतकाच्या आरंभी गारगोटीची कास धरली. भट्टीत तापविलेली गारगोटी पांढरी व ठिसूळ होते. तिची पूड मातीत मिसळली म्हणजे भांडे उजळते आणि आचेत आपला आकारही राखते. मात्र ही पूड मैद्यासारखी बारीक हवी. कण जितका लहान, तितका वस्तुमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा. असा कण भोवतालच्या कणांना अनेक ठिकाणी भिडतो आणि तुलनेने कमी आचेतही त्यांच्याशी सांधला जातो. भरड कण मात्र परकाच राहतो.

प्रारंभी हे दळण कोरडे चाले. त्याची धूळ कामगारांच्या छातीत साचे. धाप लागे, खोकला जडे आणि कित्येकांचे आयुष्य अकाली संपे. १७२६ साली टॉमस बेन्सन याने गारगोटी पाण्यात दळण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. त्या यंत्रात लोखंड होते. त्याची झीज पुडीत उतरून भांड्याचा शुभ्रपणा बिघडे. म्हणून १७३२ च्या दुसऱ्या पेटंटात लोखंडाच्या जागी दगड आला.

पाण्याने दळणाऱ्याची धूळ निवविली. तथापि माती वाळली की तीच धूळ कारखान्यात पुन्हा उठे, आणि कुंभारांचा तो छातीचा रोग विसाव्या शतकातही त्यांचा पिच्छा पुरवीत राहिला. भांड्याची शुभ्रता डोळ्यांना दिसते. तिच्यासाठी मोजलेला श्वास दिसत नाही.