गणितातील उपचारात्मक अध्यापन

गणितातील उपचारात्मक अध्यापन म्हणजे गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्याची नेमकी अडचण शोधून, त्याला जेथपर्यंत समजले आहे तेथून पुढे शिकवण्याची पद्धत होय. वर्गातील पाठाची केवळ पुनरावृत्ती करणाऱ्या शिकवणीपेक्षा ती वेगळी आहे. गणितातील संकल्पना एकमेकींवर आधारलेल्या असतात. स्थानिक किंमत न समजलेल्या मुलाला पुढे वजाबाकी, भागाकार आणि दशांश अपूर्णांकही कठीण जातात. त्यामुळे प्राथमिक इयत्तांत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे.

निदान

उत्तर चुकले एवढीच नोंद पुरेशी नसते. ते कसे चुकले हे पाहावे लागते. उदा., ५२ − ३८ याचे उत्तर २६ लिहिणारे मूल बहुधा प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असते. त्याला अंकांची वजाबाकी येते, परंतु दशक सुटा करणे समजलेले नसते.

काही अडचणी भाषेतून येतात. ५२ लिहिताना ५ आधी येतो, तर 'बावन्न' म्हणताना दोनाचा उच्चार आधी होतो. 'एकोणतीस' या शब्दात तर पुढच्या दशकाचे नाव असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा संख्यावाचनाचा समावेश झाला, तेव्हा त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला.

अडचण दीर्घकाळ टिकल्यास डिसकॅल्क्युलिया या अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी केली जाते.

पद्धती

अध्यापन सामान्यतः वस्तू, चित्र आणि चिन्ह या क्रमाने होते. वरील उदाहरणात मूल काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या घेते, एक गठ्ठा सोडून बारा सुट्या काड्या करते आणि ३८ काढून घेतल्यावर १४ उरल्याचे स्वतः पाहते. त्यानंतर तीच कृती अंकांत मांडली जाते.

बालसखी कार्यक्रम

'प्रथम' या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात स्थानिक तरुणी मागे पडलेल्या १५ ते २० मुलांच्या गटाला शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वाचन व अंकगणिताची मूलभूत कौशल्ये शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे त्याचे मूल्यमापन केले. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुधारणा मुख्यतः बालसखीकडे शिकलेल्या मुलांत दिसली. वर्गात उरलेल्या मुलांना, पटसंख्या कमी होऊनही, फारसा लाभ झाला नाही.

मर्यादा

कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात मुलांची ही प्रगती बरीच ओसरल्याचेही याच अभ्यासात आढळले.