लिंबूवर्गीय फळांतील प्रथिने : आकडे कसे वाचावेत

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जगातील बहुतेक देशांचा वार्षिक अन्न-ताळेबंद प्रसिद्ध करते. देशात पिकलेले आणि बाहेरून आलेले अन्न एकत्र धरायचे, साठ्यातील चढउतार हिशेबात घ्यायचा, निर्यात, पशुखाद्य, बियाणे, नासाडी व उद्योगांचा वापर वजा करायचा आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागायचे, अशी ही रीत आहे. त्यातून दरडोई वार्षिक किलो, दैनिक उष्मांक, स्निग्धांश आणि प्रथिने असे रकाने तयार होतात. गहू, तांदूळ, डाळी, दूध यांच्या पंक्तीत ‘संत्री व मँडरिन’, ‘लिंबे’, ‘ग्रेपफ्रूट’ आणि ‘इतर लिंबूवर्गीय’ अशा चार ओळीही असतात आणि त्यांच्यापुढेही प्रथिनांचा आकडा असतोच. तो बहुधा दशांशचिन्हाच्या उजवीकडेच राहतो.

हिशेब साधा आहे. संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात १ ग्रॅमपेक्षा किंचित कमी प्रथिने असतात. लिंबात सुमारे १.१ ग्रॅम, तर संत्र्याच्या रसात ०.७ ग्रॅम. साल व बिया धरून फळाचा सुमारे पाव भाग टाकाऊ ठरतो. एखाद्या देशात दरडोई वर्षाला ३० किलो संत्री उपलब्ध असली, तरी ती दिवसाला ८२ ग्रॅम, गराच्या रूपात ६० ग्रॅम आणि प्रथिनांच्या रूपात जेमतेम अर्धा ग्रॅम भरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. ती केवळ संत्र्यांतून मिळवायची, तर रोज साडेपाच किलोंहून अधिक गर खावा लागेल.

हा अर्धा ग्रॅमही पूर्णपणे खरा नाही. अन्नातील प्रथिने सहसा थेट मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ या गुणकाने गुणले जाते. लिंबूवर्गीय फळांच्या रसातील नायट्रोजनाचा मोठा भाग प्रोलिन, आर्जिनिन, अ‍ॅस्पॅरॅजिन अशा सुट्या अमिनो आम्लांत असतो, गुंफलेल्या प्रथिनांत नव्हे. रसात भेसळ आहे का, हे पाहणारे तपासनीस या अमिनो आम्लांचे प्रमाण मोजतात ते त्यामुळेच. शिवाय ताळेबंद पुरवठा सांगतो, सेवन नव्हे. घरात सुकून फेकलेली संत्रीही त्यात ‘उपलब्ध’ म्हणून मोजली जातात.

मग या रकान्याचा उपयोग काय? पोषणाचे मोजमाप म्हणून फारसा नाही. व्यापार, रोगराई आणि खाण्याच्या सवयी कुठे कशा सरकल्या हे मात्र त्यातून चांगले दिसते, कारण प्रथिनांचा आकडा फळांच्या आकड्याचीच सावली असतो.

सर्वांत ठळक घसरण अमेरिकेची. फ्लोरिडात १९९७-९८ च्या हंगामात संत्र्यांच्या २४.४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये हा आकडा १.६ कोटींच्या आसपास आला. त्या हंगामात ‘इयन’ चक्रीवादळाने बागा झोडपल्या होत्या, पण मूळ कारण त्याहून जुने आहे. ‘ग्रीनिंग’ हा जिवाणूजन्य रोग तेथे २००५ मध्ये आढळला. सायला नावाची इवलीशी कीड तो पसरवते आणि झाडाला एकदा लागला की त्यावर उपाय नाही. याच काळात अमेरिकी न्याहारीतला रसाचा पेलाही मागे पडत गेला. दरडोई सेवन शतकाच्या आरंभीच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. हाताने सहज सोलता येणारी छोटी मँडरिन तेवढी वाढली.

ब्राझीलची गोष्ट वेगळी. साओ पावलो आणि मिनास जेराइसच्या पट्ट्यातील संत्री प्रामुख्याने रसासाठीच पिकतात आणि तो रस परदेशी जातो. तेथेही ग्रीनिंग २००४ पासून आहे. २०२४-२५ चा हंगाम तीन दशकांतील नीचांकी ठरला आणि त्याआधीच रसाचे जागतिक भाव विक्रमी पातळीवर पोहोचले होते. ताळेबंदात रसाचे रूपांतर ताज्या फळांच्या वजनात केले जाते. त्यामुळे एकही संत्रे न पिकवणारे उत्तर युरोपीय देशही या रकान्यात भरभक्कम दिसतात.

चीनची चढण याच्या उलट. १९८० च्या सुमारास तेथील उत्पादन मामुली होते. आज एकट्या मँडरिनचे उत्पादन २ कोटी टनांपलीकडे आहे आणि त्यातील बहुतांश देशातच खाल्ले जाते. दक्षिण आफ्रिका भरपूर पिकवते, पण तिचे उत्तम फळ जहाजात चढते. इजिप्त संत्र्यांच्या निर्यातीत आता स्पेनच्या बरोबरीने आघाडीवर आहे. आखाती देशांतील बाजारांत या दोन्ही आफ्रिकी देशांचा माल हंगामानुसार आलटूनपालटून दिसतो. नायजेरियाचे बहुतेक उत्पादन ‘इतर’ या ओळीत जाते. तेव्हा केवळ ‘संत्री’ पाहून पश्चिम आफ्रिकेबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे.

आणखी एक सापळा कालमालिकेचा. जुन्या पद्धतीची मालिका २०१३ पर्यंत जाते, नव्या पद्धतीची २०१० पासून सुरू होते. दोन्ही जोडून आलेख काढला, तर सांध्यापाशी दिसणारी उडी शेतातली नसून कागदावरची असू शकते.

मराठी वाचकाची भाषेमुळेही फसगत होते. नागपूरचे संत्रे वनस्पतिशास्त्रानुसार मँडरिन आहे. परदेशी दुकानांत ‘ऑरेंज’ म्हणून रचलेले घट्ट सालीचे फळ आपल्या मोसंबीचे सख्खे भावंड. त्यात मोसंबीला भारतीय इंग्रजीत ‘स्वीट लाइम’ म्हणतात. म्हणजे नावाने लिंबू, जातीने संत्रे! ताळेबंदात संत्री आणि मँडरिन एकाच ओळीत असल्याने हा घोळ निदान तेथे तरी मिटतो.

प्रथिनांशी या फळांचा खरा संबंध आडवळणाचा आहे. रस काढून उरलेला चोथा फ्लोरिडा व ब्राझीलमध्ये वाळवून गुरांना घातला जातो आणि दुधाच्या ओळीत पुन्हा प्रकटतो. वरणावर पिळलेले लिंबू प्रथिने वाढवत नाही. पण त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. शाकाहारी ताटात याचे मोल मोठे, पण ताळेबंदात त्यासाठी रकाना नाही.

भारताचा दरडोई आकडा लहान पायावरून वाढत आला आहे. ही वाढ वाचताना विदर्भाकडे पाहावे लागते. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील संत्र्यांचा मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश होता. तेथे २०१९ पासून आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि निर्यात आटली. न गेलेले फळ देशी बाजारात उतरले आणि भाव पडले. ताळेबंदाच्या रीतीप्रमाणे मात्र निर्यात कमी झाली की वजाबाकी कमी होते आणि तेवढा दरडोई पुरवठा वाढतो. त्याच्या मागोमाग प्रथिनांचाही.