मागील पानावरून पुढे

दर नोव्हेंबरात बँकेच्या काउंटरसमोर पेन्शनरांची रांग लागते. आपण हयात आहोत हे त्यांना सिद्ध करायचे असते. समोर उभा राहून, पंखा वाढवा म्हणून आमच्याशी हुज्जत घालणारा गृहस्थ हयात आहे याबद्दल वास्तविक कुणाला शंका नसते. पण दाखला तो दाखला. आणि आम्ही ताडून पाहतो तो फोटो असतो पंचवीस वर्षांपूर्वीचा. फोटोत केस, समोर टक्कल. फोटोत दात, समोर कवळी. डोळ्यांत नवी भिंगे, गुडघ्यात नव्या वाट्या. सही तर अशी की मूळ सहीशी तिचे नाते दूरच्या चुलत्याइतकेच. तरी आम्ही शिक्का मारतो, की हे तेच.

१९९० साली लंडनच्या हायकोर्टात असाच एक हयातीचा मामला उभा राहिला. फरक एवढाच की पेन्शनरच्या जागी एक मोटार होती. बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’ जातीची, लाडाचे नाव ‘ओल्ड नंबर वन’. तिच्या मालकाने ती एका कंपनीला विकायचा सौदा केला होता. किंमत सुमारे एक कोटी पौंड. काही रोख, काही दुसऱ्या मोटारींच्या रूपाने. पुढे खरेदीदार कंपनीने हात वर केले. म्हणाली, तुम्ही सांगता ती ही गाडीच नव्हे. मालक म्हणाला, हीच. आणि न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे मोटारीची ओळखपरेड सुरू झाली.

आता या बाईंचे पूर्वचरित्र थोडे सांगायला हवे. फ्रान्समधल्या ल मां गावी चोवीस तासांची शर्यत असते. दिवस-रात्र गाडी पळवायची, त्या काळी दोघांनी आळीपाळीने. १९२९ साली ही शर्यत ओल्ड नंबर वनने जिंकली. चालवायला वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन. पहिले चारही नंबर बेंटलीचेच, म्हणजे निकाल लावायला परीक्षकांना विशेष कष्ट पडले नसतील. १९३० साली पुन्हा तीच गाडी पहिली. या खेपेस बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किड्स्टन. यातले बार्नाटो म्हणजे दक्षिण आफ्रिकेत हिऱ्याच्या खाणींत गडगंज झालेल्या बापाचे चिरंजीव आणि खुद्द बेंटली कंपनीचे चेअरमन. चेअरमनने स्वतः रात्रपाळी केल्याचे उदाहरण आमच्या बँकिंगच्या इतिहासात तरी माझ्या वाचनात नाही.

१९३१ साली बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या पदरात पडली. गाडी मात्र पळतच राहिली. इंग्लंडात ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा शर्यतमार्ग होता. त्याची वळणे सपाट नव्हती. परातीच्या काठासारखी बाहेरून उंच उचललेली. या प्रकाराला इंग्रजीत ‘बँकिंग’च म्हणतात, हे कळल्यावर मला उगाचच जवळीक वाटली. आमच्या बँकिंगमध्ये वेगामुळे दगावल्याची तक्रार अद्याप कुणाची आलेली नाही.

तिथे मात्र माणूस दगावला. १९३२ च्या सप्टेंबरात, पाचशे मैलांच्या शर्यतीत. गाडीत तेव्हा आठ लिटरचे नवे, दांडगे इंजिन बसवले होते. आदल्या वर्षी जॅक डनफी याने ही शर्यत जिंकली होती. यंदा जोडीला त्याचा भाऊ क्लाइव्ह होता. क्लाइव्ह चालवत असताना गाडी वळणाच्या वरच्या काठावरून पलीकडे गेली. क्लाइव्ह जागीच मेला. गाडी मोडली, पण संपली नाही. बार्नाटोने ती पुन्हा बांधवली. शर्यतीसाठी नव्हे, रस्त्यावर चालवायला, वर दोन दारांचे बंदिस्त घर चढवून. पुढच्या मालकांच्या हाती ती परत उघडी झाली, शर्यतीच्या वेषात आली, आणि त्या वेषात कोर्टात येऊन उभी राहिली.

कोर्टाने तिची झडती घेतली. १९२९ साली ल मांला जिंकलेल्या गाडीतले काय काय उरले आहे? छातीठोकपणे ‘हे त्या वेळचे’ म्हणता येईल असे जवळजवळ काहीच नाही. १९३० च्या गाडीतले? गिअरबॉक्सचे बाहेरचे कवच, पेडलांचा दांडा आणि स्टिअरिंगची नळी. बाकी सांगाडा, पुढचा आस, स्प्रिंगा, आठ लिटरचे इंजिन हा बराचसा ऐवज १९३२ चा, म्हणजे अपघाताच्या गाडीचा. आणि अंगावरचे कपडे त्याहून नंतरचे.

आमच्या एका काकांकडे छत्री होती. ती लोकमान्य टिळकांच्या सभेला गेली होती असे ते सांगत. कापड चारदा बदलले होते, काड्या दोनदा, आणि दांडा एकदा, तोही बसमध्ये दुसऱ्याच्या छत्रीशी अदलाबदल होऊन. काकांना कुणी टोकले तर ते म्हणत, “मग टिळकांच्या सभेला गेलो होतो तो मी तरी कुठे उरलोय?” छत्रीची किंमत साडेतीन रुपये होती म्हणून वाद तिथेच मिटे. ती एक कोटी पौंड असती, तर काकांनाही बॅरिस्टर लावावा लागला असता.

न्यायमूर्ती ऑटन यांनी जो निकाल दिला तो मला एखाद्या मुरलेल्या हेडक्लार्कने दिल्यासारखा वाटतो, आणि ही माझ्याकडून मोठी स्तुती आहे. त्यांनी ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ असे दोन खण वेगळे केले. ही गाडी मूळ आहे काय? नाही. मूळ म्हणायला कारखान्यातून निघाली तशी हवी. ती कुठेतरी नष्ट झाली आणि कुणी सुटे भाग जमवून नव्याने तयार केली, असे आहे काय? तेही नाही. ती सदैव होती. भाग बदलत गेले ते हळूहळू, एकेक, चालत्या गाडीत. नवा भाग जुन्यांत मुरला, मग पुढचा बदलला. १९२९ साली शर्यतीच्या शेडमधून बाहेर पडल्यापासून १९३२ च्या शेवटच्या शर्यतीपर्यंत तिच्या इतिहासात खंड नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही जगात नाही. सबब गाडी अस्सल. कंपनीने सौदा पुरा करावा.

लेजरच्या काळात पान भरले की कारकून तळाशी बेरीज मांडून ‘पुढे नेले’ लिही, आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’. कागद नवा, शाई नवी, कधी कारकूनही नवा, खाते तेच. मधले एकच पान फाटलेले निघाले तर मात्र ऑडिटर हातातला चहा खाली ठेवतो. ऑटनसाहेबांनी पाने मोजली आणि सलग भरली. मला स्वतःला हा निकाल पटतो, आणि तो दोन विजयांमुळे जितका पटतो त्याहून अधिक तिसऱ्या नोंदीमुळे. ल मांचा चषक गाडीच्या खाती जमा करायचा, तर क्लाइव्ह डनफीही तिच्याच खाती नावे पडला पाहिजे. ‘गाडी दुसरीच’ म्हटले की विजय वाऱ्यावर, आणि तो पोरगाही वाऱ्यावर.

सगळ्याच गाड्यांची पाने इतकी सलग नसतात. शर्यतीच्या गाड्या त्या काळी वापरून फेकायच्या वस्तू होत्या. मोडली तर इंजिन एकाने न्यावे, सांगाडा दुसऱ्याने. चाळीस वर्षांनी किमती चढल्या की इंजिनवाला त्याच्याभोवती नवी गाडी बांधतो, सांगाडेवाला त्यात नवे इंजिन घालतो, आणि दोघेही एकच नंबर सांगतात. भीमाने जरासंधाची दोन शकले उलटसुलट फेकली म्हणून ती जुळली नाहीत. इथे प्रत्येक शकलाचा एकेक सबंध जरासंध होतो आणि लिलावात उभा राहतो.

त्यातून कारखानेही काही कमी नव्हते. शर्यतीला परदेशी जायचे तर जकातीचे कागद एका विशिष्ट नंबराच्या गाडीचे निघत. ऐन वेळी ती गाडी नादुरुस्त असली की तिची पाटी उपटून शेजारच्या गाडीवर ठोकायची, आणि जकातवाल्याला सलाम करून सरहद्द ओलांडायची. परत आल्यावर पाट्या आपापल्या जागी गेल्याच, असे नाही. आज पन्नास-साठ वर्षांनी संशोधक डोक्याला हात लावून बसतात ते त्या घाईमुळे.

हे संशोधक कसे काम करतात ते ऐकून मला आमच्या सह्या तपासणाऱ्या ऑफिसरची आठवण होते. सांगाड्यावरचा नंबर एकेका आकड्याचा पंच हातोडीने ठोकून उमटवलेला असतो. कारखान्यातल्या पंचांचा तीन कसा, सातचे शेपूट कुठे वळते, ठोकणाऱ्याचा हात कुठे घसरायचा, हे त्यांना पाठ असते. जुन्या शर्यतींच्या फोटोंवर भिंग धरून ते रिवेट मोजतात. कुणी कानशीने नंबर घासून टाकला, तरी पंचाच्या ठोक्याने खालचा धातू दबलेला असतो. तिथे तेजाब लावला की पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. लोखंड इतके विसरत नाही म्हणजे कमालच.

आणि हे सगळे पुरावे नाहीसे कोण करतो? चोर फार क्वचित. बहुतेक वेळा करतो तो गाडीवर जीव टाकणारा मालक. पोचे काढतो, जुना रंग खरवडतो, आरशासारखे पॉलिश करतो. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाला जीर्णोद्धार कमिटी ऑइलपेंट देते आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावते, तीच ही भक्ती. १९२९ चा खरा पोचा एकदा ठोकून सरळ केला की तो पुन्हा मिळत नाही. शिवाय गाडी पूर्ववत करायची म्हणजे कोणत्या साली नेऊन ठेवायची? ओल्ड नंबर वनला शर्यतीचा वेष दिला, तेव्हा बार्नाटोने हौसेने चढवलेले बंदिस्त घर गेलेच ना? माणसाला मुंज झाल्या वेळचा पोशाख घालून मिरवण्यातलाच हा प्रकार.

जॅग्वार कंपनीने तर याहून पुढची मजल मारली. १९६३ च्या सुमारास हलक्या वजनाच्या शर्यती ‘ई-टाइप’ गाड्यांसाठी तिने अठरा नंबर राखून ठेवले आणि गाड्या बनवल्या बारा. २०१४ साली कंपनीच्या लक्षात आले, सहा नंबर कोरे आहेत! तिने त्या सहा गाड्या बनवल्या आणि एकेक दहा लाख पौंडांच्या वर विकली. आमच्याकडे चेक तीन महिन्यांत शिळा होतो. इथे पन्नास वर्षांपूर्वीच्या चेकबुकातली सहा पाने वटली. दोन वर्षांनी कंपनीने दुसरे कपाट उघडले. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री तिच्या कॉव्हेन्ट्रीच्या कारखान्याला आग लागून ‘एक्सकेएसएस’ जातीच्या नऊ गाड्या जळाल्या होत्या. त्या नऊ आता बनवून देतो, म्हणाली. किंचित जळकी नोट घेऊन कुणी आला तर आम्हीही ती तपासून नवी नोट देतो. पण जळक्या नोटेचाच नंबर नव्या नोटेवर छापून देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने अजून केलेली नाही. या गाड्या सुंदर असतील, कारखानाही तोच. पण मधली पाने कुठे आहेत?

या नव्या-कोऱ्या जुन्यांचा कंटाळा आलेले लोकही निघालेच. अमेरिकेत पेबल बीचला दरवर्षी नटलेल्या मोटारींची स्पर्धा भरते. तिथे २००१ पासून न नटलेल्यांचा, जशा आहेत तशा राखलेल्यांचा वेगळा वर्ग आहे. तिथे गंजाला मार्क मिळतात.

गंजाचीच गोष्ट काढली तर स्वित्झर्लंडच्या अस्कोना गावची १९२५ सालची बुगाटी सांगायला हवी. जकात भरायला कुणी येईना, म्हणून १९३६ च्या सुमारास जकातवाल्यांनी ती माज्जोरे सरोवरात सोडून दिली, असे तिथे सांगतात. साखळीला बांधून सोडली होती. म्हणजे साहेबांच्या मनात पुढेमागे ती वर काढायचे असावे. साखळीच गंजून तुटली आणि गाडी पन्नास मीटरांच्या आसपास खोल जाऊन गाळात बसली. १९६७ साली एका पाणबुड्याला ती दिसली. मग चाळीस वर्षे गावचे हौशी पाणबुडे बुडी मारून तिची विचारपूस करून येत. २००८ साली त्यांच्याच ओळखीतला एक तरुण मुलगा शेजारच्या लोकार्नो गावी मारहाणीत मेला. त्याच्या नावाने निधी उभा करायचा ठरला, तेव्हा क्लबाजवळ विकण्यासारखी एकच वस्तू होती आणि ती तळाशी होती. २००९ च्या जुलैमध्ये त्यांनी ती वर काढली. २०१० च्या जानेवारीत पॅरिसच्या लिलावात त्या गंजलेल्या सांगाड्याला २,६०,५०० युरो आले. घेणाऱ्याने तिला ना रंग दिला, ना पत्रा बदलला. कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात ती आली तशीच मांडली. पैसे त्या मुलाच्या निधीत जमा झाले. जकात तेवढी राहिली.